तीन नंबरच्या सांगाड्याची पाटी

पाटी पहिल्यांदा पडली ती गुरुवारी. कोणाला लागलं नाही. जे अगदी जवळ होते ते लागण्याच्या पलीकडे गेलेले होते आणि बाकीचे धुरामुळे लांब उभे होते. अमरधामात काम करणाऱ्या दत्तूने दुसऱ्या दिवशी ती राखेतून उचलली, पँटला पुसली आणि भारत खैरनारांना फोन केला.

"साहेब, तुमचे वडील पडले."

वडील जाऊन अकरा महिने झाले होते. त्यामुळे खैरनारांना अर्थ लागायला जरा वेळ गेला.

वडिलांच्या, आण्णांच्या, मागे काहीतरी दान द्यायचं म्हणून खैरनारांनी अमरधामाला चितेचा एक लोखंडी सांगाडा दिला होता. लाकडं रचायला चार खांब, खाली जाळी आणि डोक्याच्या बाजूला एक रुंद पट्टी. तिथल्या चार सांगाड्यांतला हा तिसरा, म्हणून तीन नंबर. सांगाडा देऊन झाला आणि मग आईने, नवसाबाईंनी, विचारलं, "त्याच्यावर नाव टाकलं का रं त्यांचं?"

नाव टाकलं नव्हतं. नवसाबाई एक्याऐंशी वर्षांच्या. नवरा निफाडकडे साखर कारखान्यात चौतीस हंगाम बॉयलरवर होता. बॉयलरवर नाव बनवणाऱ्या कंपनीचं, कारखान्यावर चेअरमनचं, सोसायटीच्या टपालपेटीवर 'भा. गो. खैरनार'. त्यात गोटीरामांच्या वाट्याला एक 'गो' आला होता, तोही टिंबासकट.

"वर्षश्राद्धाला मी तिथं येनार," नवसाबाई म्हणाल्या. "मला नाव बघायचंय. एकदा बघितलं की झालं."

बायका अमरधामात जात नाहीत हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगणाऱ्याला त्या काय म्हणतील हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

खैरनार अंबडच्या कारखान्यात क्वालिटी विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. एक पाटी लावायची म्हणजे काम ते काय! दोन भोकं, दोन बोल्ट, एक चहा. पण दिलेली वस्तू आता महापालिकेची झाली होती. ऑफिसातल्या क्लार्कने फाईल उघडली, बंद केली आणि सांगितलं, "भोक पाडता येणार नाही. मालमत्तेचं नुकसान होतं."

"वेल्डिंग?"

"तो बदल झाला. बदलाला ठराव लागतो."

"पण सांगाडा मीच दिलाय."

"म्हणून तर. द्यायच्या आधी पाडायचं होतं भोक."

खैरनार उठले तेव्हा क्लार्कला त्यांची दया आली असावी. "चिकटवा की," तो म्हणाला. "चिकटवायला आमच्याकडे नियम नाही."

अशा रीतीने, केवळ नियम नाही म्हणून, खैरनार चिकटवण्याच्या शास्त्रात शिरले.

पहिला सल्ला शेजारच्या संतोष कुलथेचा. तो इमारतींची कामं घेई आणि जगातली कुठलीही गोष्ट त्याने एकदा तरी जोडलेली असे. "दोन नळ्यांचं इपॉक्सी घ्या, साहेब. मी ट्रकची टाकी जोडलीये त्याने. ट्रक विकला, टाकी अजून गळत नाही." खैरनारांनी नळ्या आणल्या, पाटी चिकटवली, आणि गुरुवारी वडील पडले ते असे. इपॉक्सी दोनशे अंशांच्या आसपास हात टेकतं. चिता आठशेपर्यंत जाते. हे खैरनारांना माहीत असायला हवं होतं, आणि याचंच त्यांना जास्त लागलं.

पुढच्या वेळी त्यांनी रीतसर अभ्यास केला. भट्ट्यांमध्ये धातूला धातू जोडायला सिरॅमिकचा चिकटा मिळतो. पांढरी, पाण्यात कालवलेली लापशी असते. सुकली की दगड होते आणि अकराशे अंशांपर्यंत दगडच राहते. पुण्याहून पाव किलोचा डबा आला. सोबत आठ पानांचं माहितीपत्रक होतं. खैरनारांनी ते पोथीसारखं रोज सकाळी वाचलं.

त्यातून कळलं की पाटीच चुकली आहे. दोन धातू सारखे तापले म्हणून सारखे वाढत नाहीत. भांड्यांचं नेहमीचं स्टील लोखंडापेक्षा जास्त फुगतं. सहाशे अंशांना हातभर पाटीत पाऊण मिलिमीटर तरी फरक पडतो. मधल्या दगडाला हा पाऊण मिलिमीटर सोसत नाही. मग चुंबकाला चिकटणारं स्टील घ्यायचं, ते लोखंडाच्या जवळपास वाढतं. खैरनार फ्रिजवरचा चुंबक खिशात घालून भांडी बाजारात गेले आणि दुकानोदुकानी पत्र्यांना तो लावून बघू लागले. चौथ्या दुकानदाराने विचारलं, "काका, घरून कोणी सोबत आलंय का?"

पत्रा मिळाला. नाव घालायला नौशाद. भांड्यांवर नावं घालण्यात त्याचा हात असा, की गप्पा मारता मारता त्याचं यंत्र आपोआप चाले. खैरनारांनी मजकूर कागदावर दिला आणि चहाला गेले. परत आले तर पाटीवर सुबक अक्षरांत होतं : 'कै. गोटीराम सखाराम खैरनार यांजकडून सप्रेम भेट'.

खैरनारांनी चष्मा काढला, पुसला, लावला. भेट तीच होती.

"नौशादभाई, ही पाटी चितेला लावायचीय."

"या अल्ला!" नौशादने यंत्र बंद केलं. "साहेब, लगीनसराई आहे. हात वळला. पण एक बात बोलू? देऊनच टाकलं ना त्यांनी? मग भेटच झाली."

"सप्रेम?"

नौशादने जरा विचार केला. "ते खोडतो," तो म्हणाला.

अक्षरं घासून काढायला आणि 'यांच्या स्मरणार्थ' घालायला दोन दिवस गेले. वर्षश्राद्ध सोळा दिवसांवर आलं.

माहितीपत्रकाप्रमाणे चिकटा लावल्यावर चोवीस तास हात लावायचा नाही. मग दोन तास पंचाण्णव अंश. मग दोन तास पावणेदोनशे. त्यानंतर काय वाटेल तो जाळ करा. अडचण चोवीस तासांची होती. खैरनार पुन्हा क्लार्ककडे गेले आणि एका दिवसासाठी तीन नंबर राखून ठेवण्याचा अर्ज पुढे केला.

"सांगाडा आगाऊ राखता येत नाही," क्लार्क म्हणाला. "मयत आहे का?"

"नाही."

"मग मयत घेऊन या."

खैरनार दत्तूकडे गेले. दत्तू पन्नाशीचा, बारीक. अमरधामात वीस वर्षं. "लावून ठेवा, साहेब," तो म्हणाला. "आधी एक, दोन, चार भरतो. तीन शेवटी देतो. पन लोकांचं काय, येतात तवा येतात."

पाटी सकाळी दहाला लागली. दुपारी चारला लोक आले. पाच जण एकदम, अपघातातले. तीन नंबर द्यावाच लागला. सहा तासांचा चिकटा ओला होता, आतलं पाणी उकळलं, फोड आले आणि पाटी पुन्हा राखेत.

पाच माणसं गेली होती आणि खैरनार घरी येऊन "पाणी उकळलं, पाणी" एवढंच म्हणत होते. बायकोने, सुवर्णाने, ताट वाढलं आणि म्हणाली, "अहो, एकदा तरी म्हणा, वाईट झालं."

"वाईट झालं," खैरनार म्हणाले. जेवण मात्र गेलं नाही.

नवसाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. "एकदम तापवलं आसंल," त्या म्हणाल्या. "हे म्हनायचे, बॉयलर आन मानूस एकदम तापवू नये. हंगामाच्या आधी तीन दिवस नुसती धग द्यायचे. घरी येत नव्हते. तीन दिवस भाकरी तिकडंच." मग थोड्या वेळाने, "किती दिस राहिले रं?"

"चौदा."

"हं."

त्या दिवसांत खैरनारांना एक सवय लागली, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. सकाळी पेपर आला की ते आधी निधनाचं पान उघडत. किती गेले, कुठले गेले, अंत्यविधी कुठे. दुसऱ्या अमरधामाचं नाव दिसलं की बरं वाटे. सोसायटीत बातमी पोहोचली होतीच. एका सकाळी जिन्यात संतोष गंभीरपणे म्हणाला, "साहेब, आमच्या सासऱ्यांचं काही खरं नाही. सांगून ठेवू का, तीन नंबर सोडून न्या म्हणून?"

"कधीपर्यंत..." खैरनारांच्या तोंडून निघालं. दोघं आपापल्या दाराआड गेले.

तिसऱ्या प्रयत्नाला नशीब बरं होतं, म्हणजे शहरात दीड दिवस कोणी विशेष गेलं नाही. चोवीस तास पुरे झाले. आता शेक. वीस मीटरची वायर संतोषची, इस्त्री सुवर्णाची. ऑफिसच्या प्लगमधून वायर काढून खैरनार तीन नंबरसमोर पाट टाकून बसले आणि पाटीला इस्त्री टेकवून धरली. पहिले दोन तास नायलॉनवर, पुढचे दोन तास सुतीवर. हे तापमान त्यांनी घरी थर्मामीटरने तपासून घेतलं होतं. इतक्या काटेकोरपणे त्या जागी कधी कोणी काही केलं नसेल.

येणारेजाणारे बघत. एका म्हाताऱ्याने जवळ येऊन चौकशी केली, "इथं धोतर इस्त्री करून मिळतं का?"

सुतीचा दीड तास झाला आणि अंत्ययात्रा आली. एक निवृत्त हेडमास्तर. माणसं दीडशे तरी. एक, दोन आणि चार नंबर धगधगत होते. दत्तू हळूच येऊन उभा राहिला.

"साहेब, उठावं लागंल."

"अर्धा तास, दत्तू. फक्त अर्धा तास."

"मी काय सांगू त्यान्ला? इस्त्री चालू हाय?"

तेवढ्यात हेडमास्तरांचा पुतण्या आला. त्याने खैरनारांकडे पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं, वायर कुठवर जाते तेही पाहिलं. "काका, तुम्ही यांच्यातले का?"

"नाही."

"मग?"

"मी पाटीचा," खैरनार म्हणाले.

पुतण्याच्या डोळ्यांत जे आलं ते बघून खैरनार घाईने पुढे बोलले. आयुष्यात पहिल्यांदा न ठरवता बोलले. "सरांबद्दल कोणी दोन शब्द बोलणार नाही का? एवढे विद्यार्थी आलेत."

पुतण्या थांबला. हे राहून गेलं होतं. तो वळून गर्दीत गेला, कोणीतरी छोटा लाउडस्पीकर आणला आणि दोन शब्द सुरू झाले.

नाशिकमध्ये दोन शब्द बोलायला माणूस कमी पडत नाही. माजी नगरसेवक बोलले. पतसंस्थेचे संचालक बोलले. एक विद्यार्थी बोलला, तो आता बिल्डर होता, त्याने सरांच्या छडीपासून सुरुवात करून आपल्या नव्या प्रकल्पापर्यंत मजल मारली. खैरनार सगळ्यांच्या मागे, सांगाड्याकडे पाठ न करता, इस्त्री दाबून उभे होते. पंचवीस मिनिटं. सव्वीस. एरवी अशा भाषणांना ते घड्याळ बघत ते लवकर संपावीत म्हणून. आज बघत होते ते संपू नयेत म्हणून. अठ्ठावीस मिनिटांना भाषणं संपली. दोन मिनिटं कमी.

"आणखी कोणी?" पुतण्याने विचारलं आणि त्याची नजर खैरनारांवर थांबली.

खैरनारांनी डाव्या हाताने इस्त्री दाबून धरली आणि उजव्या हातात लाउडस्पीकर घेतला. "सर," ते म्हणाले आणि त्यांनी मान वर केली. हेडमास्तर समोर तिरडीवर होते. नाकात कापूस, कपाळाला गुलाल. त्यांचा चेहरा शांत होता आणि काहीसा आण्णांसारखा, सगळ्याच म्हाताऱ्यांचा त्या वेळी होतो तसा. "सर घाई करत नसत," खैरनार म्हणाले. "कुठलीही गोष्ट त्यांनी हळूहळू... धग देऊन... तीन तीन दिवस घरी येत नसत. आम्हाला वाटायचं, यांना घर नको आहे. त्यांनी ते काम नीट केलं म्हणून कधी काही फुटलं नाही. आणि जे फुटत नाही त्याची बातमी होत नाही. नावही होत नाही." त्यांनी लाउडस्पीकर खाली केला.

गर्दीत बायका नव्हत्या, तरी कोणीतरी हुंदका दिला. पुतण्याने खैरनारांच्या खांद्यावर हात ठेवला. "काकांच्या हाताखाली होता का तुम्ही?"

खैरनारांनी मान हलवली. ती होय होती की नाही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन मिनिटं मात्र होऊन गेली होती. त्यांनी इस्त्री काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते अमरधामात हजर. हेडमास्तरांची माणसं अस्थी घेऊन नुकतीच गेली होती. तीन नंबर काळा, अजून गरम. आणि डोक्याच्या बाजूला, काजळी धरलेली पण सरळ, पाटी जागच्या जागी. खैरनारांनी लांबूनच अक्षरं वाचली. आठशे अंशांतून आण्णा तरून आले होते. खैरनारांना हसू आलं, आणि आपण कुठे उभे राहून हसतोय हे लक्षात येऊनही ते आवरेना.

"थांबली की हो!" दत्तू म्हणाला, आणि रोजच्याप्रमाणे पाण्याची बादली सांगाड्यावर ओतली.

टक्कन आवाज झाला. मोठा नव्हता. बशीला तडा जातो तेवढा. पाटी घसरली, जाळीवर आपटली आणि पालथी पडली.

खैरनारांनी उष्णता मोजली होती, धातू तपासला होता, मिनिटं पाळली होती. दत्तू वीस वर्षं रोज सकाळी गरम सांगाड्यावर बादली ओततो, हे आठ पानांत कुठेच नव्हतं. अकराशे अंश सोसणारा दगड थंड पाण्याला फुटतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल अशी गोष्ट.

"पुढचं मयत नऊला हाय, साहेब," दत्तू ओशाळून म्हणाला. "गार करावंच लागतं."

"बरोबर आहे," खैरनार म्हणाले. डब्यातला चिकटा संपला होता. नवा यायला दहा दिवस लागणार होते आणि हातात चार होते. त्यांनी पाटी दत्तूच्या खोलीच्या भिंतीला टेकवली आणि मागे न बघता स्कूटर काढली.

घरी नवसाबाईंनी विचारलं, "लागली?"

खैरनार बूट काढत राहिले. बूट काढायला इतका वेळ लागत नाही हे नवसाबाईंना माहीत होतं, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी दिवसही विचारले नाहीत, आणि खैरनारांना त्याचाच जास्त जाच झाला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी विधी उरकला, पान वाढलं, कावळा आला. नवसाबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. रिक्षात एका बाजूला सुवर्णा, एका बाजूला खैरनार. आईला रिक्षातच सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सिग्नलला सांगू, पुलावर सांगू, वळणावर सांगू, असं करत अमरधाम आलं. सुवर्णाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती सोसायला कठीण गेली.

तीन नंबरपाशी कोणाच्या तरी अस्थी गोळा करायचं चाललं होतं. दोन भाऊ आणि त्यांची बहीण. दत्तू वाकून बसला होता. त्याच्या उजव्या हातात, फडक्यात धरलेली, आण्णांची पाटी होती. तिची कड राखेत अलगद सरकवून तो एकेक हाड उचलत होता आणि मडक्यापाशी नेत होता. बहीण ते आपल्या हाताने मडक्यात ठेवत होती.

खैरनार दोन पावलं पुढे झाले. "दत्तू!"

दत्तूने वर पाहिलं आणि झटकन उभा राहिला. "साहेब... आजी... रागावू नका. भिंतीला पडून होती. फावड्यानं हाडं मोडत्यात, लोकान्ला लय वाईट वाटतं. ही बारीक हाय, वाकत नाय, खालून सरकते. हलक्यानं येतं सगळं. चार दिस झाले, याच्यावरच उचलतोय."

"हे गोटीराम कोण?" हातातलं काम थांबवून त्या बहिणीने विचारलं. तिने नाव वाचलं होतं. ते तिच्या हाताच्या अगदी जवळ होतं.

"माझं मानूस," नवसाबाई म्हणाल्या. "बॉयलरवर होते."

बहिणीने मान डोलावली, जणू तिला सगळं समजलं. मग पाटीवरचं उरलेलं एक हाड उचलून मडक्यात ठेवलं.

नवसाबाई पुढे झाल्या. त्यांना पूर्ण वाचता येत नसे, पण 'गो' त्या ओळखत. त्यांनी बोट त्यावर टेकवलं आणि चटका बसून मागे घेतलं. मग त्यांनी पाटीकडे बघायचं सोडलं आणि दत्तूच्या हाताकडे बघू लागल्या.

"दाव."

दत्तूने फडकं सोडलं. चारही बोटांवर फोड होते, जुन्यावर नवे.

"भारत," नवसाबाई म्हणाल्या, "हिला मूठ बसवून दे. याचा हात जळतोय."

"हो, आई."

"लाकडाची बसव. आन ते पांढरं काय ते लावू नको."

"दोन रिव्हेट मारतो."

खैरनारांनी खिशातून टेप काढला. दत्तूचा पंजा पाटीच्या कडेवर ठेवला आणि माप घेतलं. साडेतीन इंच.

"चार पुरतील?"

"आठ करा, साहेब," दत्तू म्हणाला. "घरचं मानूस बी धरायला मागतं."